पाच तारांचा बास हवा, पण आवाज साठ-सत्तरच्या दशकातला: काय घ्यावं?

खर्जप्रेमी:
जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदासाठी पाच तारांचा बास (बास गिटार) घ्यायचा आहे. चार तारांचा बास खाली पांढरी तीनला संपतो (पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबाने, म्हणजे ई) आणि आमचे गायक गातात काळी एक, पांढरी दोन, कधी पांढरी एक. खालचा सा हाताशी नसल्यामुळे अख्खी चाल वरच्या सप्तकात उचलावी लागते, आणि मग गाण्याचा पायाच निघून जातो.

आवाज मात्र जुना हवा. गोल, लाकडी, चटकन विरणारा. दुकानांत जे पाच तारांचे बास दिसतात ते बहुतेक चकचकीत आणि बॅटरीवाले. बजेट जास्तीत जास्त ७० हजार. अँप नेत नाही, थेट मिक्सरमध्ये जोडतो. अॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचा प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट) की पॅसिव्ह (त्याशिवायचा)? तारेची लांबी ३४ इंच की ३५? आणि दुकानात वाजवून बघताना नेमकं काय तपासायचं?

मंद्रसप्तक:
आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्हाला हवा तो आवाज आणि खालची बी तार (पाच तारीवरची सगळ्यात जाड; क्रम बी-ई-ए-डी-जी) एका काळातली नाहीत. फेंडरने १९६५ साली पाच तारांचा बास काढला होता, पण त्यात पाचवी तार वरची सी होती आणि फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फक्त १५. खालच्या बीचे बास सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आले, तेही महागड्या, हाताने बनवलेल्या वाद्यांवर. म्हणजे ‘विंटेज पाच तारी’ असं मूळ काही नाही. जुन्या चार तारी बासचे गुण पाच तारांवर आणायचे, एवढंच करता येतं.

त्या गुणांत पहिला क्रमांक तारांचा, मग बोटांचा, मग पिकअप (तारेचं कंपन टिपणारे चुंबक आणि कॉइल) कुठे बसवलाय त्याचा. लाकूड त्यानंतर. विक्रेता सगळ्यात जास्त लाकडावरच बोलतो, ते ऐकून घ्या आणि पुढे चला.

पॅसिव्ह घ्या, किंवा ज्यात प्रीअँप पूर्ण बाजूला काढणारा स्विच आहे असा अॅक्टिव्ह. नुसते बेस-ट्रेबल मधोमध ठेवले म्हणजे पॅसिव्ह झालं असं नाही, सिग्नल तरीही प्रीअँपमधूनच जातो. तुमच्या बजेटच्या आसपास बघण्यासारखे दोन: स्क्वायर क्लासिक व्हाइब सेव्हन्टीज जॅझ बास फाइव्ह (पॅसिव्ह, अल्निको चुंबकांचे सिंगल कॉइल म्हणजे एका वेटोळ्याचे पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन) आणि सायर व्ही७ची पाच तारी आवृत्ती (स्विच आहे, टोन नॉब पॅसिव्हमध्येही चालतो). किमती सारख्या बदलतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारा.

ब्रिजकडच्या (तारा शरीरावर जिथे अडकवतात तिकडच्या) पिकअपची जागाही बघा. सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या जॅझ बासवर तो साठच्या दशकापेक्षा साधारण १० मिमी ब्रिजच्या जवळ सरकला. त्याने आवाज टोकदार होतो, अंगठ्याच्या ठोक्याला छान लागतो. गोल आवाज हवा असेल तर साठची जागा बरी. सत्तरचीच मिळाली तर ब्रिजचा पिकअप थोडा कमी ठेवून काम भागतं.

३४ की ३५: एक इंच वाढला की त्याच तारेचा ताण साधारण ६ टक्के वाढतो. बीला फायदा होतो, पण जीची तार जरा जास्त ताणली जाते आणि पहिल्या फ्रेटवर हात ताणावा लागतो. जुन्या आवाजासाठी मी ३४च म्हणेन. शिवाय ३५ला फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा घेताना वेढ्यांची लांबी पुरते का तेही तपासावं लागतं.

दुकानात असं करा. अँपचे सगळे नॉब मधोमध, बास पॅसिव्हवर, टोन पूर्ण उघडा. बीच्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई एकामागून एक वाजवा. सूर एकच आहे, म्हणून फरक लगेच कळतो. बीवरचा सूर थोडा जाड असणारच, पण तो मऊ पडत असेल, सुरुवातीला वर जाऊन मग खाली बसत असेल, तर कारण शोधा. मग बीचे पहिले चार फ्रेट. पहिला म्हणजे तुमची पांढरी एक, चौथा काळी दोन. याच चार सुरांसाठी तुम्ही पैसे मोजताय. प्रत्येक तार पिकअपच्या आपापल्या दोन चुंबकांच्या मधून जाते का, हे वरून पाहा. जीच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो का तेही ऐका. बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकच्या बासवर हा दोष बऱ्याचदा असतो आणि सेटअपने जात नाही. शेवटी पट्ट्याने गळ्यात अडकवून हात सोडा. पाच किल्ल्यांच्या वजनाने डोकं खाली झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा बोलेल.

दुकानात लटकलेल्या बासची बी तार बहुतेक वेळा मेलेली असते. फक्त तिच्यावरून बास नाकारू नका.

चारतारी:
उलटं मत मांडतो. पाच तारी घेऊच नका. चांगला पॅसिव्ह प्रिसिजन (फेंडरचा चार तारी बास) घ्या आणि तो बी-ई-ए-डी लावा. पाच तारांच्या संचातली जीची तार बाजूला ठेवायची, उरलेल्या चार चढवायच्या. तुम्हाला जो आवाज हवा आहे तो बराचसा प्रिसिजनच्या स्प्लिट-कॉइल (दोन भागांत विभागलेल्या) पिकअपचा आहे. १९५७ पासून त्याची रचना जवळपास तीच राहिली आहे. दोन्ही भाग एकमेकांची गुणगुण खोडतात, म्हणून सिंगल कॉइलची कटकटही नाही.

करावं लागतं ते असं: नटच्या (डोक्याजवळची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) खाचा जास्त रुंद लागतात. मूळ नट कापू नका, काढून जपून ठेवा आणि दुसरा बनवून घ्या. मग नेकचा बाक आणि इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं) पुन्हा लावायचं. बीचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे सरकवताना स्प्रिंग अडली तर ती काढून टाकली तरी चालतं. जातं काय, तर वरचे पाच सूर. २० फ्रेटच्या बासवर डीची तार वरच्या सा-रे-गपर्यंत नेऊन जुन्या गाण्यात कोण वाजवतो?

नुसती पांढरी दोनच हवी असती तर ईच्या किल्लीऐवजी हिपशॉटचा एक्सटेंडर बसवून खटक्याने डी करता आला असता. तुम्हाला पांढरी एक लागते, तिथे तो पुरत नाही.

मंद्रसप्तक:
@चारतारी, आवाजाबद्दल मान्य. पण वाद्यवृंदात एका गाण्यात पांढरी एक आणि पुढच्यात काळी चार. पाच तारांवर हात एकाच जागी ठेवून आडवं वाजवता येतं, बी-ई-ए-डीवर वरच्या भागासाठी सारखं नेकवर धावावं लागतं. शिवाय ज्याची बोटं चार तारांच्या नेहमीच्या ट्यूनिंगला बसली आहेत त्याला चालू कार्यक्रमात प्रत्येक आकृती एक तार सरकवून शोधावी लागेल. स्टुडिओसाठी तुमचा उपाय उत्तम, रंगमंचासाठी नाही.

सोल्डर_आणि_सूर:
मिक्सरमध्ये थेट जोडता हे वाचून थांबलो. पॅसिव्ह बासचं निम्मं वाटोळं तिथेच होतं. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) १० किलोओमच्या आसपास असतो. पॅसिव्ह पिकअपला किमान ५०० किलोओम, शक्यतो १ मेगाओम हवा. कमी मिळाला की वरचे सूर गळतात, आवाज गोल न होता गढूळ होतो, आणि माणूस पिकअपला दोष देत बसतो. १ मेगाओम इनपुटचा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (बास मिक्सरशी जुळवणारा डबा) घ्या, किंवा मिक्सरवर गिटारसाठीचं हाय-झी (जास्त इम्पिडन्सचं) बटण असेल तर तो चॅनल मागून घ्या. तुमच्या बजेटमधून यासाठी पैसे आधीच बाजूला काढा.

साउंडवाल्याला दोन गोष्टी सांगा. चॅनलचा लो-कट बंद. तो सहसा ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतो, आणि बीची मोकळी तार ३०.९ हर्ट्झला आहे, ई ४१.२ला. पण पूर्ण मोकळंही सोडू नका. डिजिटल मिक्सर असेल तर हाय-पास (म्हणजे लो-कटच) ३० ते ३५ हर्ट्झवर लावायला सांगा. त्या खालचं स्पीकरला पेलत नाही, पडदा नुसता हेलकावतो. हॉलमधल्या बहुतेक १२ आणि १५ इंची टॉप स्पीकरमधून ३१ हर्ट्झ नीट निघतच नाही. श्रोत्याला बीचा सूर कळतो तो ६२ आणि ९३ हर्ट्झच्या वरच्या स्वरांशांमुळे. म्हणून बी ऐकू येत नाही म्हणून बेस वाढवू नका. २०० ते २५० हर्ट्झवर थोडं कमी करा, ७०० ते ८०० वर किंचित वाढवा, सूर लगेच पुढे येतो.

आता गुणगुण. जॅझ बासचे दोन्ही व्हॉल्यूम समान उघडे असले की दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खोडतात. मंद्रसप्तक म्हणतात तसा ब्रिजचा कमी केला की ती परत येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झची. म्हणजे त्या पट्टीत गुणगुण सुराला चिकटून बेसूर वाजते. रंगमंचावर दिव्यांचे डिमर असतील तर जास्तच. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावली तर खरखर कमी होते, कारण ती विद्युत क्षेत्राची असते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्राची गुणगुण तांब्याने थांबत नाही, त्याला एकावर एक कॉइलचे, गुणगुण खोडणारे पिकअप लागतात. आधी उभं राहण्याची जागा आणि दिशा बदलून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल तर तोच ठेवा. ०.१चा लावला तर नॉब बंद केल्यावर आवाज आणखी खाली बसतो, पण बीवर ते नको. पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) २५० किलोओमचे आहेत ना, तेवढं पाहा.

खर्जप्रेमी:
सगळ्यांचे आभार. डीआयचं डोक्यातच नव्हतं. पाच तारी जॅझ, ३४ इंच, पॅसिव्ह, इथवर ठरलं. आता तारा. फ्लॅटवाउंड चढवल्यावर बी मेल्यासारखी वाजते असं ऐकलंय. खरं का?

फ्लॅटवाउंड_ताई:
खरं, पण त्यातले तीन-चतुर्थांश दोष बसवण्याचे असतात.

मोटाउनच्या गाण्यांचा बासवादक जेम्स जेमरसन याचा १९६२चा प्रिसिजन, त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा (ई ०.११० इंच), ब्रिजच्या झाकणाखाली फोम. जुना आवाज म्हणतात तो बऱ्याच अंशी असा. पाच तारांवर तेवढ्या जाड तारा घेऊ नका, नेकवरचा ताण वाढतो. डॅडारिओ क्रोम्सचा ४५-१३२ (तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संच ताठ आहे आणि फ्लॅटवाउंडमध्ये जरा उजळ, त्याने बी स्पष्ट राहते. थोमास्टिकचा जॅझ फ्लॅट्स संच (४३-१३६) मऊ, सुरेल, पण महाग, आणि जोरात ठोकणाऱ्या हाताखाली बी फ्रेटवर आपटते. तुमच्यासाठी क्रोम्स. सुरुवातीचे काही आठवडे त्या चमकतील, घाबरू नका, वाजवून बसतात.

चढवताना एकेक तार बदला. बीची तार किल्लीपाशी आधी काटकोनात वाकवा, मगच वाकाच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर आतला गाभा फिरतो, वेढे सैल होतात आणि तार तिथेच मरते. ‘बी मेलेली’ या तक्रारीमागे हे कारण फार वेळा सापडतं. किल्लीवर दोन-अडीच वेढे पुरे. तारेच्या टोकावरचं दोऱ्याचं रंगीत आवरण नटच्या पलीकडे किल्लीच्या बाजूला राहायला हवं. मागून शरीरातून तार ओवण्याची सोय असली तरी फ्लॅटवाउंड वरूनच ब्रिजमध्ये ओवा, तीव्र वाकात वेढे उघडतात.

०.१३२ इंच म्हणजे ३.३५ मिमी. नटची खाच त्याहून केसभर रुंद हवी. तार खाचेत वरच अडकून बसली तर पहिल्या फ्रेटवर सूर चढा लागतो. तार सुरात आणल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे बोटाने हलकेच खाली दाबा, म्हणजे ती तिथून सरळ निघते. जाड तार कमान करून निघते आणि त्या कमानीमुळे इंटोनेशन कधीच नीट लागत नाही.

मापं: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर ०.३ मिमी फट. सतराव्या फ्रेटवर बीखाली २.४ ते २.८ मिमी, जीखाली २. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपासून बीचं अंतर ३.२ मिमी किंवा थोडं जास्त. सिंगल कॉइलचे चुंबक जवळ आले की जाड तारेला ओढतात आणि एका सुरात दोन सूर ऐकू येतात. ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरा, मग सुरात आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मुंबई-कोकणात नेत असाल तर पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर हेच माप पुन्हा घ्या.

फोम लावणार असाल तर ब्रिजला लागून, १५ मिमी रुंदीची पट्टी, आणि बीच्या बाजूला उंची २ ते ३ मिमी कमी. एकसारखी उंच पट्टी लावली की जी नीट वाजते आणि बीचा नुसता धप्प आवाज येतो.