फाला विसरला नव्हता
नेत्यांची कुत्री फोटोपुरती असतात, मालक गेला की नोकरचाकरांत रमतात, असं काही जण म्हणतात. पहिलं काही वेळा खरं असेलही, दुसरं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा कुत्रा फाला घ्या. काळा स्कॉटिश टेरियर, १९४० साली नात्यातल्या एका बहिणीने दिलेला. व्हाइट हाऊसच्या स्वयंपाकघरात जो तो त्याला काहीबाही भरवायचा. बिचारा आजारी पडला, तेव्हा रूझवेल्टनी हुकूमच काढला, याला खायला मीच देणार.

एप्रिल १९४५ मध्ये ते गेले आणि फाला त्यांच्या पत्नी एलेनॉरबाईंकडे राहिला. त्यांनीच लिहून ठेवलंय. अमेरिकन सेनानी जनरल आयझेनहॉवर न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला, रूझवेल्ट यांच्या घरी, त्यांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहायला आले, तेव्हा गाड्यांचे भोंगे ऐकून फालाचे पाय ताठ झाले, कान उभे राहिले. धनी परत येताहेत असंच त्याला वाटलं असणार! पुढेही तो जेवणघराच्या दाराजवळ अशा जागी पडून राहायचा, की येण्याजाण्याच्या दोन्ही वाटांवर नजर राहावी. रूझवेल्ट अचानक बाहेर निघायचे ना, तेव्हा मागे राहायला नको म्हणून लागलेली ती सवय. १९५२ मध्ये तो गेला. हाइड पार्कच्याच गुलाबाच्या बागेत, धन्याच्या जवळच त्याला पुरलंय.