मदत हवी आहे: मोडी कागद आणि वंशावळ

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्यात राहते. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे मोडीतले १५-२० कागद सापडलेत. कडा झडायला लागल्यात, बघून जीव कासावीस होतो. फोटो काढून ठेवलेत. वंशावळ ग्रॅम्प्स (Gramps) या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. ते मोफत आहे आणि त्यातून जेडकॉम (GEDCOM) फाइल निघते, जी वंशावळीची इतर सॉफ्टवेअरही वाचतात, म्हणजे उद्या दुसरीकडे हलवता येईल.

अडलंय ते मोडीवर. २०१४ पासून ती युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संचात) आहे, पण जुनं हस्ताक्षर लावायला जाणकार माणूसच हवा. ठाणे-कळव्याकडे कुणी वाचून देईल का? मानधन नक्की देईन.

आणखी एक, ‘शके १८०२’ अशा नोंदी ७८ मिळवून इसवी सनात भरू, की मूळ शकही शेजारी ठेवू? मला ठेवावासा वाटतो. आत्या ८४ वर्षांची आहे. नावं ओळखणारी आता तीच उरली आहे, म्हणून घाई.