पन्हाळा ते पावनखिंड चालत: ग्रुपबरोबर जावं की वाटाड्या घ्यावा?

गुडघेबुवा_पुणे:
नमस्कार मंडळी. लेकीची दहावी संपली आणि तिने एकच हट्ट धरलाय, बाबा पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं. माझं वय ४९, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ट्रेकचा अनुभव म्हणजे सिंहगड आणि एकदा राजमाची, तेही परत येताना पाय लटपटत होते. फोनवर जाहिराती उघडल्या तर सगळेच 'गाइडेड', सगळ्यांकडे 'इतिहासतज्ज्ञ सोबत', दोन दिवस, टी-शर्ट फ्री. आता खरं सांगा झेपेल का, आणि ग्रुप घेऊ की तिथलाच कोणी वाटाड्या बघू? शिवाय पाऊस टाळून डिसेंबरात केलं तर त्यात मजा राहते का? बायकोचं म्हणणं आधी तळजाईला रोज दोन फेऱ्या मारून दाखवा, मग बोला.

ढगातला_मावळा:
वहिनींचं ऐका आधी :) ट्रेक अवघड नाही, लांब आहे. साधारण ५० किमी, म्हणजे दिवसाला २५ च्या आसपास, आणि सिंहगडासारखा एकच चढ नसतो, चढ उतार चढ उतार चालूच. पन्हाळ्याहून उतरून म्हाळुंगे, तिथून मसाई पठारावर चढायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी करत करपेवाडी-आंबेवाडीकडे, पहिला मुक्काम बहुतेक तिकडेच कुठेतरी पडतो. दुसऱ्या दिवशी जंगल जास्त, म्हसवडे, पांढरपाणी आणि मग खिंड. गुडघ्याला त्रास चढाचा नाही, पावसात निसरड्या उताराचा आणि भातखाचरांच्या बांधावरून चालण्याचा होतो, एक पाय बांधावर एक चिखलात. काठी दोन घ्या, एक नाही. आणि नवे बूट घालून येऊ नका, माझ्या मित्राने आदल्या आठवड्यात महागडे घेतले, दुपारपर्यंत टाचेला दोन फोड आणि शेवटी प्लास्टिकच्या चपला घालून खिंड गाठली.

चिडलेली_मधुरा:
मी मागच्या पावसाळ्यात एका मोठ्या ग्रुपबरोबर गेले होते, नाव घेत नाही. जाहिरातीत 'मर्यादित जागा' आणि प्रत्यक्षात तीन बस भरून लोक. पुढचा लीडर कुठे मागचा कुठे, मध्ये आम्ही शंभर जण एका ओढ्यापाशी रांगेत, अर्धा तास. इतिहासतज्ज्ञ म्हणजे एक मुलगा ज्याने स्पीकरवर पोवाडा लावला आणि मसाई पठारावर धुकं आल्यावर त्यालाच वाट सापडेना. मसाई पठार हलक्यात घेऊ नका, सगळीकडे जांभ्याचा कातळ आणि गवत, एकसारखं दिसतं, ढग खाली आला की दहा पावलांवरचा माणूस गायब. आम्हाला वाट कोणी दाखवली तर डोक्यावर इरलं घेतलेल्या एका गुराख्याने, म्हशी घेऊन चालला होता, म्हणाला "माझ्या मागनं या, म्हसरांस्नी म्हाईत हाय." त्या दिवशी खरा गाइड म्हैसच होती. पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा, एकूण माणसं किती आणि वाडीतला माणूस सोबत आहे का. उत्तर गोलगोल आलं की फोन ठेवा.

कोल्हापूरकर_भाऊ:
मधुराताई, म्हशीचं लई भारी :) आमच्याकडं वाडीवाडीत पोरं आहेत जी लहानपणापासून ह्याच वाटेनं शाळेला जायची, त्यांना जीपीएस लागत न्हाई. पाच-सहा जण जमवा, असा एक माणूस घ्या, जेवण-मुक्काम वाडीत कुणाच्या तरी घरी, पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळतोय, चुलीजवळ कपडे वाळवता येतात. पैशाचं आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जळवांचं सांगतो, खिंडीकडच्या रानात पावसात असणारच. मोजे पँटच्या वरून ओढा, आणि चावलीच तर खसकन उपटू नका, नखानं हळू बाजूला सारा. भ्यायचं काय नसतंय, फक्त रक्त थांबाय वेळ लागतोय. आणखी एक, निघताना गडाखाली नेबापूरला शिवा काशिदांची समाधी आहे, बरेच ग्रुप वेळ वाचवायला सोडून देतात. तिथं पाच मिनटं थांबा. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेला माणूस त्याच गावचा.

जुनी_कागदपत्रं:
डिसेंबरबद्दल माझं मत वेगळं आहे. १६६० च्या मार्चपासून पन्हाळ्याला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरचे इंग्रज तोफ घेऊन त्याच्या मदतीला आलेले, असं सगळं असताना महाराज विशाळगडाकडे निसटले ते १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात. वेढा सैल पडायला तो पाऊसही कारण. म्हणून ही वाट एकदा तरी चिखलातच चालावी, तेव्हा कळतं की रात्री, पालखी खांद्यावर घेऊन, मागे घोडदळ असताना बांदल मावळ्यांनी काय केलं. तुम्ही दोन दिवस घेता, ते एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात. आणि जो कुणी गाइड 'ह्याच दगडावर बाजीप्रभू उभे होते' असं छातीठोक सांगेल त्याला नमस्कार करून पुढे चला. नेमकी वाट कुठली, खिंड नेमकी कुठली, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत, जमलं तर तिथपर्यंत जा, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते.

कोल्हापूरकर_भाऊ:
सर, चिखलाचं बरोबर हाय, पण गुडघा त्यांचा हाय :) दादा, डिसेंबरात या. मसाईवर गवत पिवळं पडतंय, आकाश मोकळं, मागं वळून बघितलं की आपण आलो तो पन्हाळा दिसतोय. पोरीला मग पावसात घेऊन या.

गुडघेबुवा_पुणे:
सगळ्यांचे आभार. घरात वाचून दाखवलं. लेक म्हणते जुलै, बायको म्हणते डिसेंबर, गुडघा डिसेंबरच्या बाजूने. शेवटी असं ठरलंय की लेक आणि तिचा मामा जुलैत जाणार, सहा जण आणि वाडीतला एक माणूस, आणि मी गाडी घेऊन पांढरपाण्याकडून खिंडीपाशी येऊन थांबणार. डिसेंबरात मग मी चालतो. भाऊ, खिंडीत उतरायला काय आहे हो? शिडी आहे म्हणतात.

कोल्हापूरकर_भाऊ:
हाय, लोखंडी. पावसात वली असती आणि खाली ओढा भरून वाहतोय, पाणी जास्त असलं तर वरनंच बघा. गाडीत सुके कपडे आणि थर्मासभर चहा ठेवा, पोरगी तुम्हाला बघून न्हाई पण चहा बघून नक्की रडंल.