प्रोफेशनल टॅक्स विसरलात की

जीएसटी येईपर्यंत सेवा क्षेत्रातून राज्याच्या हाती काहीच लागत नव्हतं असं बऱ्याचदा म्हटलं जातं, ते बरचसं खरंय, १९९४ पासून सर्व्हिस टॅक्स केंद्राचाच होता आणि राज्याकडे फक्त मालावरचा विक्रीकर, नंतर व्हॅट. पण पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तो प्रोफेशनल टॅक्स राज्याचाच. महाराष्ट्रात तो १९७५ ला रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आणला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराकडून घेऊन दुष्काळी भागातल्या मजुराला द्यायचा, कल्पना झकास होती.

गोची अशी की घटनेच्या कलम २७६ मध्येच वर्षाला २५०० ची मर्यादा घातलीय, आणि ती शेवटची वाढली १९८८ मध्ये (आधी २५० होती!). त्यामुळे हिंजवडीतला लाखभर पगारवाला आणि वीस हजारवाला, दोघंही २५००च भरतात, आणि राज्याने कितीही ठरवलं तरी घटनादुरुस्तीशिवाय एक रुपया वाढवता येत नाही. आणि जीएसटीने सेवांवरच्या करात राज्याला वाटा मिळाला म्हणून सगळं सुटलं असंही नाही हां, पुण्यातल्या कंपनीने बंगळुरूच्या कंपनीला सेवा दिली तर राज्याचा वाटा कर्नाटकाला जातो.