पावसात गॅरेजचं शटर अडकतंय, बदलायचं की रिपेअर?

मीनल_सहकारनगर
नमस्कार मंडळी, आमचा पुण्यात सहकारनगरला जुना बंगला आहे, सासऱ्यांनी बांधलेला, गॅरेजला लोखंडी रोलिंग शटर. उन्हाळ्यात बरं चालतं पण जूनमध्ये पाऊस लागला की जड व्हायला लागतं आणि जुलैत तर दोघांनी मिळून उचलायचं, त्यातही उजवी बाजू आधी वर जाते नि डावी अडकून बसते. खाली चॅनलपाशी (शटर ज्या उभ्या खाचेतून वर-खाली सरकतं ती) गंजून भोकं पडलीयेत. एक शटरवाला बघून गेला, म्हणे ताई सगळं काढून टाका, मोटरचं नवीन बसवून देतो. आकडा ऐकल्यावर यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही 😄 खरंच बदलायची वेळ आलीय का? ग्रीस आम्ही दरवर्षी लावतो, चांगलं भरभरून.

धायरी_फॅब्रिकेटर
ताई ते ग्रीसच आधी बंद करा. चॅनलमध्ये ग्रीस घातलं की त्याला धूळ चिकटते, त्यात पावसाचं पाणी, मग काळा चिखल होतो आणि पट्ट्या त्यात रुततात. ब्रशला डिझेल लावून दोन्ही चॅनल आतून घासून काढा (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता मिळतंय कुठे), कोरडं पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारा, बास. ग्रीस फक्त वरच्या बेअरिंगला.

आता एक टेस्ट करा. शटर अर्ध्यावर आणा आणि हळूच हात सैल करा, पूर्ण सोडू नका, खाली कोणी उभं नको. जागेवर राहिलं तर स्प्रिंग ठीक आहे, धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंगचा ताण गेलाय. डावी बाजू अडकते म्हणजे एकतर त्या बाजूची स्प्रिंग ढिली नाहीतर डावं चॅनल वाकलंय. खालच्या कुजलेल्या पट्ट्या एकेक करून आडव्या सरकवून काढता येतात, तेवढ्याच नवीन टाकायच्या, अख्खं शटर कशाला? फक्त गेज (पत्र्याची जाडी, आकडा कमी तेवढा पत्रा जाड) तेच घ्या. जुनं २० गेजचं असताना कोणी १८ चं टाकलं तर वजन वाढतं आणि स्प्रिंगला परत ताण द्यावा लागतो.

आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, यूट्यूब बघून तर अजिबात नाही. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली की माणसाचं मनगट मोडतं.

प्रभातरोड_आजोबा
आमच्याकडे अजून सागवानी दोन पाखी दार आहे. ऑगस्टमध्ये फुगतं, लागत नाही. दरवर्षी कोणीतरी सुतार सांगतो रंधा मारू. मारू देत नाही! पावसात रंधा मारलात की दिवाळीनंतर लाकूड आकसतं आणि दारात फट पडते. उपाय एकच, दाराची खालची कड. ती कोणी रंगवत नाही कारण दिसत नाही, आणि पाणी तिथूनच चढतं. नोव्हेंबरात दार उतरवून त्या कडेला प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले, तेव्हापासून त्रास बराच कमी.

बावधन_रोहाऊस
आमचं नवीन पद्धतीचं सेक्शनल (आडव्या पॅनलचं दार) आहे, रिमोटवालं, त्याचं वेगळंच नाटक. निम्मं बंद व्हायचं आणि आपोआप परत वर. कंपनीचा माणूस यायच्या आधी सहज खाली बघितलं तर सेफ्टी सेन्सरच्या काचेवर बाष्प आणि एक पाल निवांत बसलेली. पुसलं, चाललं. मीनलताई, पुढेमागे मोटर घेतलीच तर लाइट गेल्यावर हाताने उघडायची सोय आहे का ते आधी विचारा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पण हवाच, ओल्या भिंतीत लोखंडी दार आणि करंट, नको तो प्रयोग.

सिंहगडरोड_पार्किंग
डब्ल्यूडी-४० मारा की सरळ, एवढं काय

धायरी_फॅब्रिकेटर
दादा ते गंजलेला नट सोडवायला मस्त, पण वंगण म्हणून टिकत नाही, पावसात चार दिवसांत परत कुरकुर.

सिंहगडरोड_पार्किंग
बरं बाबा. पण एक सांगतो, जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या भावाच्या शटरच्या चॅनलमध्ये गाळ बसला, आणि तो वाळल्यावर असा घट्ट झाला की छिन्नीने काढला. पाणी ओसरल्या ओसरल्या पाइप मारून धुतलं असतं तर वाचलं असतं.

मीनल_सहकारनगर
सगळ्यांचे आभार 🙏 टेस्ट केली, शटर खाली येतं पण हळू. आणि डाव्या चॅनलच्या बुडाशी पाणी साचतंय, फरशीचा उतार आतल्या बाजूला आहे. वर गच्चीचा पाइपही बरोबर तिथेच सुटलाय!

धायरी_फॅब्रिकेटर
मग मूळ तिथे आहे ताई. आधी प्लंबर बोलावून तो पाइप वळवा, नाहीतर नवीन शटरही तिथेच कुजेल. दारासमोर आडवी नाली आणि जाळी करून घ्या. मग चॅनलचा खालचा कुजलेला तुकडा कापून नवीन वेल्ड करायचा, फरशीला न टेकवता बोटभर वर ठेवायचा म्हणजे पाणी निघून जातं. वेल्डिंगच्या जागी आधी झिंक प्रायमर, नुसता रंग नको. पट्ट्या बोहरी आळीत (हार्डवेअरचा बाजार) चौकशी करून बघा, जुन्या पट्टीचा एक तुकडा सोबत न्या, प्रोफाइल (पट्टीच्या कडेचा आकार) जुळलं नाही तर एकमेकीत अडकत नाहीत. स्प्रिंगचा ताण सगळ्यात शेवटी, पट्ट्या बदलून झाल्यावरच.

मीनल_सहकारनगर
पाइपवाल्याला उद्या सकाळी बोलावलंय. यांना म्हटलं, त्याला तरी चहा द्या.