रोजचं ऊन आणि सनस्क्रीन: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, उन्हाळा तोंडावर आलाय. सनस्क्रीन कुठलं घेऊ, असं सगळेच विचारतात. घेतल्यावर ते कसं वापरलं आणि कशाचा उपयोग झाला, हे सविस्तर कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी माहिती. ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील (यूव्ही) किरणांबद्दल सांगतो, ज्यांनी त्वचा भाजून लाल होते. ३० वालं त्यातले सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० वालं ९८. ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांसाठी. काळवंडणं, डाग, अकाली सुरकुत्या यांत यूव्हीएचा मोठा हात असतो, तेव्हा ती चिन्हं नक्की बघा. आणि हे आकडे मिळतात ते चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतकं क्रीम लावून. बरेचजण घरी त्याच्या निम्मंही लावत नाहीत.

गोरं होण्याची चर्चा इथे नको. सावळ्या त्वचेलाही हे सगळं तितकंच लागू आहे.

पुणे, रोज दुचाकीवर

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. स्कार्फ, सनकोट, हातमोजे हे आपलं पुणेरी चिलखत होतंच, शिवाय ५० एसपीएफचं सनस्क्रीन. तरी डाग हटेनात. डॉक्टरांनी समजावलं की वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही तो गडद करतो, आणि आपल्यासारख्या त्वचेत जास्तच. साधं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. ते सुरू केल्यापासून, रात्रीच्या औषधासोबत, डाग बरेच फिके झालेत.

रोजचं माप सांगते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढायची. एवढं चेहरा आणि मानेला पुरतं. एकदम चोपडलं तर गोळे होतात, म्हणून एका बोटाचं आधी, ते जिरलं की दुसरं. कान आणि कपाळाची केसांलगतची कड राहून जाते, तिकडे लक्ष द्या. स्कार्फ नाकाच्या शेंड्यावर आणि गालांच्या उंचवट्यावर घासतो, नेमकं तिथलंच क्रीम पुसलं जातं. ऑफिसला पोचल्यावर तेवढ्या जागी मी पुन्हा लावते. ट्यूब डिकीत ठेवू नका. उभ्या गाडीची डिकी उन्हात भयंकर तापते, क्रीम फुटतं, तेल वेगळं आणि पाणी वेगळं. असं क्रीम सरळ टाकून द्यायचं.

मुंबई-पुणे टॅक्सीचालक

काच बंद, एसी चालू, तरी माझा उजवा हात डाव्यापेक्षा स्पष्ट काळा आहे. मुलगी फार्मसी शिकते, तिने कारण सांगितलं. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, त्यामुळे ती यूव्हीए बऱ्यापैकी अडवते. बाजूची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बरंचसं आत सोडते. आता गाडी चालवताना उजव्या हातावर कापडी बाही चढवतो. क्रीमचा हात स्टिअरिंगवर घसरतो, बाहीचा तो त्रास नाही.

कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थी

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू होतं. या गोळ्यांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तेलकट चेहऱ्याला जेल बरं पडतं. क्रिकेट खेळताना घामासोबत डोळ्यांत उतरून चुरचुरतं, म्हणून डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं लावतो. पांढरट दिसतं, दिसू दे.

सांगली, गृहिणी

वर कुणी विचारलेलं नाही, पण लिहायलाच हवं. घरच्या लग्नात माझी जाऊबाई अंगणात बसून सरबताला लिंबं पिळत होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत लाल ओघळ उठले, काही ठिकाणी फोड, आणि नंतर तपकिरी चट्टे राहिले ते कित्येक आठवडे. लिंबाच्या रसातल्या द्रव्यावर यूव्हीए पडलं की त्वचा अशी पोळते. उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्याला लिंबू चोळा, हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. कृपा करून देऊ नका. लिंबं पिळून झाली की हात साबणाने धुवा, मगच उन्हात जा.

लातूर, एका मुलाची आई

लेकाच्या कपाळावर आणि गुडघ्यावर कोडाचे डाग आहेत. त्या जागी रंगद्रव्य नाही, त्यामुळे थोड्या उन्हानेही लालबुंद होतं. शाळेत निघायच्या आधी, नाश्त्याच्या वेळीच लावते, म्हणजे बाहेर पडेपर्यंत नीट बसतं. मैदानावर टोपी चालणार नाही असं आधी सांगितलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तेव्हा परवानगी मिळाली. आता तो स्वतः आरशात बघून लावतो.

मेलबर्नहून

इथे ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम १९८१ मध्ये सुरू झाली: शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला. हवामानाच्या बातम्यांत तापमानाबरोबर यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा, सांगतात आणि तो ३ किंवा वर असला की काळजी घ्यायची, एवढं लहान मुलांनाही पाठ असतं. भारतात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी तो ११ च्या वर जातो. आई-बाबांना फोनवर निर्देशांक बघायला शिकवलंय. फोन हाताशी नसेल तर स्वतःची सावली बघा. उंचीपेक्षा आखूड असली तर ऊन कडक.

नाशिक, द्राक्षबाग

सगळं वाचलं, पटलंही. पण आमच्याकडे विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, येणाऱ्या बाया दिवसभर बागेत असतात. उन्हात असलं की सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं सांगतात, पण ते कुणाला परवडणार? त्या साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात. मला तरी हेच पहिलं संरक्षण वाटतं.

धागाकर्ती

ताई, अगदी बरोबर. हिशेबच मांडू. चेहरा आणि मानेला एका वेळी सव्वा ग्रॅम धरलं, तर ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावून जेमतेम तीन आठवडे पुरते. दिवसभर उन्हात राबणाऱ्यांसाठी घट्ट विणीचं कापड, रुंद काठाची टोपी आणि दुपारची सुटी हेच आधी. क्रीम परवडलं तर उघड्या राहणाऱ्या जागांना: नाक, गाल, ओठांच्या वर, हातांची मागची बाजू. बायांच्या शर्टाबद्दल अजून लिहाल का?

नाशिक, द्राक्षबाग

शर्टाच्या बाह्या मनगटावर सैल असतात, काम करताना वर सरकतात आणि तळहाताची मागची बाजू उघडीच राहते. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना सुती बाह्या शिवायला सांगितल्यात, अंगठ्याला भोक आणि दंडाला नाडी. छाटणीआधी तयार झाल्या तर कापड कोणतं आणि खर्च किती, ते इथेच लिहीन.