समूहसंसर्ग झाला, हे ओळखावे कसे?

प्रश्न : अशोक चौकाजवळच्या दवाखान्यांत ताप-खोकल्याचे रुग्ण वाढले असून बहुतेक जण सोलापूरबाहेर गेलेलेच नाहीत, मग नवा विषाणू शहरातच पसरतो आहे, म्हणजे समूहसंसर्ग झाला आहे, असे मानावे का?

उत्तर १ : केवळ गर्दीवरून नाही. २०२० मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तीव्र श्वसनविकाराच्या ५,९११ रुग्णांची कोरोना तपासणी केली, तेव्हा बाधित निघालेल्या १०४ जणांपैकी ४० जणांचा परदेशप्रवास किंवा बाधिताशी संपर्क आढळला नव्हता. खरी खूण ही.

उत्तर २ : सूतगिरणीतील कामगारांची छाती कापसाच्या धुळीनेही भरते, विशेषतः सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला. म्हणून गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला खोकला आणि किमान ३८ अंश सेल्सिअस ताप, हाच निकष नोंदवहीत लावावा.

उत्तर ३ : नमुन्यात नेहमीचा फ्लूही तपासून घ्यावा, पावसाळ्यात अनेकदा तोच निघतो.